सरकारी आरोग्यसेवेतील लबाडी आणि अमेरिकन घटकराज्यांचे कायदे

सरकारने पैसा द्यावा, डॉक्टराने उपचार करावेत आणि गरीब रोग्याने एक छदामही न मोजता बरे होऊन घरी जावे, ही कल्पना मोठी लोभस आहे. परंतु तिच्यात एक अडचण जन्मतःच आहे. बाजारात भाजी घेणारा माणूस स्वतःचे पैसे देतो, स्वतः भाजी घेतो आणि वजनात मारले तर तेथल्या तेथे भांडतो. सरकारी आरोग्ययोजनेत औषध घेणारा एक, देणारा दुसरा आणि पैसे मोजणारा तिसरा असतो. पैसे मोजणाऱ्याने रोगी पाहिलेला नसतो आणि रोग्याने बिल पाहिलेले नसते. रोगी आणि बिल या दोहोंची गाठ फक्त बिल करणाराच्या टेबलावर पडते. या तिढ्यावर कायद्याने काय उपाय करता येतो याचा एक दीर्घ व महागडा प्रयोग अमेरिकेत चालू आहे. त्यातील घटकराज्यांनी केलेल्या कायद्यांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना संघराज्याच्या दृष्टीने आणि वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना हिशेबाच्या दृष्टीने हा विषय उपयोगी पडावा.

३० जुलै १९६५ रोजी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी मिसुरी राज्यातील इंडिपेंडन्स या गावी, माजी अध्यक्ष ट्रूमन यांच्या उपस्थितीत एका कायद्यावर सही केली आणि मेडिकेअर व मेडिकेड या दोन योजना अस्तित्वात आल्या. नावे जुळ्या भावंडांसारखी असल्याने वाचकांचा नेहमी घोटाळा होतो. मेडिकेअर मुख्यतः पासष्ट वर्षांवरील वृद्धांसाठी असून ती केंद्राची योजना आहे. मेडिकेड गरिबांसाठी आहे आणि ती केंद्र व घटकराज्य यांच्या भागीदारीत चालते. योजना राज्य राबवते, बिले राज्य चुकती करते आणि झालेल्या खर्चाचा ठराविक हिस्सा वॉशिंग्टनहून परत मिळतो. हा हिस्सा सर्वसाधारणपणे निम्म्याहून कमी नसतो. राज्य जितके गरीब तितका तो मोठा. मिसिसिपीसारख्या राज्यात तो तीन-चतुर्थांशाहूनही अधिक असतो. हिश्शाची ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढील सारा कायदेकानू तिच्याभोवती फिरतो.

योजना सुरू होऊन दहा वर्षे होतात न होतात तोच तिच्यावर जगणारा एक धंदा उभा राहिला. १९७६ साली युटा राज्याचे सिनेटर फ्रँक मॉस यांनी आपल्या समितीच्या तपासनिसांना मेडिकेडची कार्डे देऊन गरीब रोगी म्हणून दवाखान्यांत पाठवले. एवढेच नव्हे तर न्यूयॉर्कमध्ये ते स्वतःही रोगी बनून गेले. धडधाकट माणसांना रक्त तपासा, क्ष-किरण फोटो काढा, या गोळ्या घ्या, असे सांगण्यात आले. या दवाखान्यांना तेथे 'मेडिकेडच्या गिरण्या' म्हणत, आणि गिरणीतल्या युक्त्यांना त्या धंद्याची खास नावे होती. एकाच इमारतीतल्या डॉक्टरांनी रोग्याला एकमेकांकडे टोलवत राहायचे आणि प्रत्येकाने बिल लावायचे, हा 'पिंगपाँग'. आई एका मुलाला घेऊन आली की सोबतच्या सगळ्या भावंडांना तपासल्याचे दाखवायचे, ही दुसरी युक्ती. साधा खोकला असताना मोठ्या तपासणीचे बिल करायचे, ही तिसरी. आणि रोग्याला अमुकच औषधदुकानात धाडून त्या दुकानाकडून कमिशन घ्यायचे, ही चौथी. या चौघींपैकी एकही युक्ती करायला फार बुद्धी लागत नाही. छापील नमुन्यात खरे काय ते कोणी विचारणार नाही, एवढी खात्री पुरते.

त्याच सुमारास न्यूयॉर्क राज्यात वृद्धांच्या शुश्रूषागृहांचे प्रकरण गाजत होते. म्हाताऱ्या माणसांना घाणीत ठेवून त्यांच्या नावावर मालकांचे खाजगी खर्च मेडिकेडच्या खाती टाकले जात होते. गव्हर्नर ह्यू कॅरी यांनी १९७५ साली चार्ल्स हाइन्स यांना खास सरकारी वकील नेमले. या धंद्यातला बडा मालक बर्नार्ड बर्गमन याने गुन्हा कबूल केला आणि १९७६ साली केंद्रीय न्यायालयाने त्याला चार महिन्यांची कैद दिली. चारच महिने! लोकांत मोठा संताप झाला. पण न्यूयॉर्कच्या अनुभवातून एक धडा निघाला तो टिकाऊ ठरला. योजना राबवणारे खाते आणि लबाडी शोधणारे खाते एक असता कामा नये, कारण पहिल्याची प्रतिष्ठा दुसऱ्याच्या यशाने कमी होते. ऑक्टोबर १९७७ मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने राज्याराज्यांतून मेडिकेड-लबाडी नियंत्रण पथके उभारण्यास केंद्राने पैसा देऊ केला. सुरुवातीच्या काळात खर्चाच्या नव्वद टक्के, पुढे पंचाहत्तर टक्के. पथक मेडिकेड खात्यापासून वेगळे हवे ही अट होती. बहुतेक राज्यांत ते ॲटर्नी जनरलच्या हाताखाली असते. (हा अधिकारी आपल्याकडील महाधिवक्त्यासारखा नव्हे, बहुतेक राज्यांत तो थेट जनतेच्या मतांनी निवडून येतो आणि स्वतंत्रपणे दावे लावतो.) १९९३ च्या कायद्याने ही पथके जवळजवळ सक्तीची झाली. तरी नॉर्थ डकोटाने आपले पथक २०१९ पर्यंत उभारले नव्हते.

पथक नेमले म्हणजे काम झाले असे नाही. तपासनीस दवाखान्यात जातो तेव्हा सारे कागद नीटनेटके असतात. जे घडलेच नाही त्याचा कागद तयार करणे हेच तर लबाडीचे स्वरूप. कागद खोटा आहे हे सांगू शकणारा मनुष्य आत बसलेला असतो: बिल लिहिणारी कारकून मुलगी, प्रयोगशाळेतला साहाय्यक, परिचारिका, हिशेबनीस. अशा माणसाला बाहेर आणायचे कसे, हा खरा प्रश्न होता. त्याचे उत्तर अमेरिकन कायद्याला आपल्याच जुन्या पेटाऱ्यात सापडले.

यादवी युद्धाच्या काळात उत्तरेच्या सैन्याला माल पुरवणाऱ्या ठेकेदारांनी सरकारला अक्षरशः लुटले. त्यावर २ मार्च १८६३ रोजी अध्यक्ष लिंकन यांनी एका कायद्यावर सही केली. सरकारकडे पैशाची खोटी मागणी करणाऱ्याने दुप्पट भरपाई आणि दर मागणीमागे २,००० डॉलर दंड भरावा, असा तो कायदा. त्यातील विलक्षण कलम असे की, हा दावा कोणाही खाजगी व्यक्तीने सरकारच्या वतीने लावावा आणि वसुलीतला निम्मा वाटा स्वतः घ्यावा. हे तत्त्व मुळात जुन्या इंग्रजी कायद्यातले, 'राजासाठी आणि स्वतःसाठीही' दावा लावणाऱ्याचे. लॅटिन वाक्यातले पहिले दोन शब्द घेऊन त्याला 'क्वी टॅम' म्हणतात. चोरांच्या टोळीतला एक फुटला की बाकीचे सापडतात, म्हणजे काट्याने काटा काढावा, असा युक्तिवाद त्या वेळी सिनेटमध्ये उघडपणे झाला होता.

येथे शब्दांचा एक खुलासा केला पाहिजे. आपण विम्याच्या पैशासाठी करतो तोही दावा आणि कोर्टात लावतो तोही दावाच. गोंधळ टाळण्यासाठी या लेखात बिलाच्या पैशाला 'मागणी' आणि कोर्टातल्या प्रकरणाला 'दावा' म्हटले आहे. आतली माहिती घेऊन दावा लावणाऱ्यास 'माहीतगार वादी' म्हणू. मराठीत अशा माणसाला अलीकडे 'जागल्या' हा गावगाड्यातला शब्द वापरतात व तो छान आहे. पूर्वी मात्र आपण त्याला 'खबऱ्या'च म्हणत होतो. दोन शब्दांत केवढे अंतर! अमेरिकेतही हे दोन्ही भाव कायम एकत्र नांदत आले आहेत.

१९४३ मध्ये अमेरिकन काँग्रेसने हा कायदा जवळजवळ निकामी केला. सरकारनेच दाखल केलेल्या फौजदारी खटल्यातला मजकूर उतरवून काही मंडळी बक्षीस मागू लागली होती, हे त्याचे कारण. पुढे संरक्षणखात्यातील ठेकेदारांच्या बिलांवरून पुन्हा ओरड झाली. सिनेटर चार्ल्स ग्रासली व प्रतिनिधी हॉवर्ड बर्मन यांच्या पुढाकाराने १९८६ साली कायद्यास नवा जन्म मिळाला. भरपाई तिप्पट झाली. दर मागणीमागचा दंड ५,००० ते १०,००० डॉलर झाला (महागाईनुसार वाढत वाढत २०२५ मध्ये तो १४,००० ते २८,००० डॉलरच्या घरात पोहोचला). सरकार दाव्यात सामील झाले तर माहीतगार वाद्याला वसुलीच्या १५ ते २५ टक्के आणि सरकारने अंग काढून घेतले व त्याने एकट्याने दावा जिंकला तर २५ ते ३० टक्के वाटा ठरला. मालकाने सूड म्हणून नोकरीवरून काढले तर नोकरी परत आणि बुडालेल्या पगाराची दुप्पट रक्कम. तोफा आणि खेचरांसाठी जन्मलेल्या या कायद्याचे मुख्य कार्यक्षेत्र पुढे औषधे आणि रुग्णालये हे झाले.

पण हा केंद्राचा कायदा. मेडिकेडमधला राज्याचा पैसा त्याने परत येतोच असे नाही. म्हणून राज्ये स्वतःचे कायदे करू लागली. कॅलिफोर्नियाने १९८७ मध्ये केला, इलिनॉयने १९९१ मध्ये, टेक्ससने १९९५ मध्ये खास मेडिकेडसाठी. तरी पुष्कळ राज्ये स्वस्थ बसली होती आणि त्यांच्या स्वस्थपणामागे साधे गणित होते. समजा एखाद्या राज्यात मेडिकेडच्या खर्चाचा तीन-चतुर्थांश भाग केंद्र देते. तेथे शंभर डॉलरची लबाडी पकडून पैसे वसूल केले तर पंचाहत्तर डॉलर वॉशिंग्टनला परत करावे लागतात आणि राज्याच्या हाती पंचवीस उरतात. वकील राज्याचे, साक्षीदार राज्याचे, मोठ्या रुग्णालयाशी वैर राज्याच्या पुढाऱ्यांचे आणि फळ मात्र दुसऱ्याचे. अशा वेळी लबाडीकडे काणाडोळा करणे हे दुष्टपणाचे नसून निव्वळ व्यवहाराचे ठरते. संघराज्यातील पुष्कळशा योजनांचे दुखणे हेच असते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. पैसा दोघांचा असला की राखण कोणाचीच नसते.

फेब्रुवारी २००६ मध्ये सही झालेल्या, परंतु नावात २००५ हे साल असलेल्या तूट-कपात कायद्याने या दुखण्यावर नेमके बोट ठेवले. ज्या राज्याने केंद्राच्या तोडीचा खोट्या मागण्यांचा कायदा केला असेल, त्याच्या कायद्याखाली झालेल्या वसुलीत केंद्र आपला हिस्सा दहा टक्क्यांनी कमी घेईल. म्हणजे वरच्या उदाहरणात राज्याला पंचवीसऐवजी पस्तीस डॉलर. निम्मा-निम्मा हिस्सा असलेल्या राज्यात पन्नासऐवजी साठ. १ जानेवारी २००७ पासून हे लागू झाले. अटी चार होत्या. मेडिकेडमधील खोट्या मागण्यांबद्दल राज्याकडे देणे लागेल अशी तरतूद हवी. माहीतगार वाद्याला उत्तेजन देणारी कलमे केंद्राच्या कलमांइतकीच परिणामकारक हवीत. दावा साठ दिवस मोहोरबंद ठेवून ॲटर्नी जनरलला तपासायला द्यावा. आणि दंड केंद्राच्या दंडाहून कमी नसावा. अटी पुऱ्या झाल्या की नाही हे केंद्रीय आरोग्यखात्याचे महानिरीक्षक ठरवतात. त्याच कायद्यात आणखी एक कलम आहे व त्याची चर्चा उगीचच कमी होते. वर्षाला ५० लाख डॉलर किंवा त्याहून जास्त रक्कम मेडिकेडकडून मिळवणाऱ्या प्रत्येक संस्थेने आपल्या नोकरांना या कायद्यांची लेखी माहिती दिली पाहिजे. म्हणजे मालकानेच नोकराला सांगावयाचे की, बाबा, मी खोटे बिल केले तर माझ्यावर दावा कसा लावावा ते या पुस्तिकेत आहे.

दहा टक्क्यांच्या आमिषाने न्यूयॉर्कसारखी मोठी राज्येही हलली. न्यूयॉर्कचा कायदा २००७ चा. पुढे २००९ व २०१० मध्ये केंद्राने आपला कायदा अधिक कडक केला तेव्हा राज्यांचे कायदे मागे पडले आणि दोन वर्षांच्या मुदतीत ते सुधारून घ्यावे लागले. सगळीच राज्ये सरसावली नाहीत. मेरीलँडचे उदाहरण बोलके आहे. तेथील आरोग्यक्षेत्रापुरता कायदा २०१० मध्ये झाला, पण त्यात एक खुंटी मारून ठेवली: राज्य सरकार दाव्यात सामील झाले नाही तर न्यायालयाने दावा काढून टाकावा. बिनबुडाच्या दाव्यांनी रुग्णालये हैराण होतील ही भीती अगदीच निराधार नव्हे. परंतु माहीतगाराने दार ठोठावायचे आणि ते उघडायचे की नाही हे पूर्णपणे सरकारी वकिलाच्या मर्जीवर, असे झाल्यावर त्या कायद्याची निम्मी धार गेली, हेही खरे. केंद्राच्या कायद्यात सरकार बाजूला झाले तरी वादी पुढे जाऊ शकतो. सरकारी वकिलाला वेळ नसतो, मनुष्यबळ नसते, आणि क्वचित धैर्यही नसते. तेव्हासाठीच ती सोय आहे.

दावा प्रत्यक्षात चालतो कसा? वादी वकिलामार्फत दावा गुपचूप दाखल करतो. प्रतिवादी रुग्णालयाला वा कंपनीला त्याचा पत्ताही नसतो. पुराव्याचे लेखी निवेदन सरकारला द्यावे लागते. साठ दिवस ही नावाची मुदत; ती वाढत वाढत वर्षे जातात. या काळात वादी त्याच कचेरीत त्याच वरिष्ठांसमोर मान खाली घालून काम करत असतो, निदान पुष्कळदा. ज्याने प्रथम दावा लावला त्यालाच हक्क. मागून आलेल्याला नाही. वर्तमानपत्रात आधीच छापून आलेल्या गोष्टीवर दावा चालत नाही, स्वतःची मूळ माहिती असावी लागते. आणि लबाडीचा बेत वाद्यानेच आखला असेल तर न्यायालय त्याचा वाटा कापते. त्याबद्दल त्याला शिक्षा झाली तर वाटा मुळीच नाही.

येथे आपल्या ओळखीचे एक गाव या कथेत येते. देवास म्हटले की आपल्याला पवारांच्या थोरल्या व धाकट्या पाती आठवतात, आणि बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मून १९४८ पासून देवासला राहिलेले कुमार गंधर्व आठवतात. त्याच देवासमध्ये रॅनबॅक्सी कंपनीचा औषधांचा कारखाना होता. दुसरा हिमाचल प्रदेशात पावंटा साहिब येथे. या कंपनीत २००३ ते २००५ या काळात अधिकारी असलेले दिनेश ठाकूर यांना, औषधांच्या चाचण्यांचे आकडे बनावट असल्याचे दिसून आले. वरिष्ठांना सांगून उपयोग झाला नाही तेव्हा त्यांनी नोकरी सोडली, अमेरिकेच्या औषध प्रशासनाला कळवले आणि २००७ मध्ये मेरीलँडमधील केंद्रीय न्यायालयात केंद्राच्या व घटकराज्यांच्या कायद्यांखाली दावा लावला. दावा सहा वर्षे मोहोरबंद होता. मे २०१३ मध्ये कंपनीने गुन्हे कबूल केले. फौजदारी दंड व जप्ती मिळून १५ कोटी डॉलर आणि खोट्या मागण्यांच्या दिवाणी तडजोडीत ३५ कोटी डॉलर. या ३५ कोटींपैकी २३ कोटी १८ लाख केंद्राकडे व ११ कोटी ८२ लाख राज्यांकडे गेले. केंद्राच्या वाट्यातून ठाकूर यांना सुमारे ४ कोटी ८६ लाख डॉलर मिळाले.

या प्रकरणात खोटी मागणी कोणती, असा प्रश्न विद्यार्थी विचारतील. कंपनीने मेडिकेडला बिल पाठवलेच नव्हते. बिल औषधविक्रेत्याने पाठवले, गोळ्या खरोखर दिल्या गेल्या, किंमतही ठरलेलीच होती. उत्तर असे की, ज्या शुद्धतेच्या व ज्या ताकदीच्या गोळीसाठी सरकार पैसे देते ती गोळी ही नव्हतीच. माल हलका असताना चांगल्या मालाचे पैसे घ्यायला लावणे, ही १८६३ सालच्या ठेकेदारांचीच रीत. देवासच्या कारखान्यातल्या नोंदवहीचा हिशेब टेक्सस वा इलिनॉयमधील गरिबाच्या गोळीपर्यंत असा पोहोचतो.

केंद्राच्या आधाराशिवाय राज्याचा कायदा एकटा उभा राहू शकतो याचेही उदाहरण आहे. पेनसिल्व्हेनिया राज्याच्या एका तपासनिसाला एका मानसिक आजारावरील औषधाच्या प्रचारासाठी कंपनीचे पैसे सरकारी अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचत असल्याचा सुगावा लागला. त्याचे धागे टेक्ससमध्ये निघाले. टेक्ससने त्या माणसाच्या दाव्यात सामील होऊन आपल्या कायद्याखाली जॅन्सन कंपनीविरुद्ध प्रकरण चालवले आणि जानेवारी २०१२ मध्ये खटला चालू असतानाच कंपनीने १५ कोटी ८० लाख डॉलरवर तडजोड केली.

पैशाचे आकडे वाचून असे वाटू लागते की हा सारा तिजोरीचा मामला आहे. तसे नाही, हे मॅसॅच्युसेट्सच्या एका प्रकरणावरून कळते. लॉरेन्स या गावी मेडिकेडवर असलेली एक अल्पवयीन मुलगी मानसोपचार केंद्रात जात होती. तिचे निदान जिने केले ती स्वतःला मानसशास्त्राची डॉक्टरेट म्हणवत होती. पदवी मान्यता नसलेल्या संस्थेची होती आणि परवान्यासाठीचा तिचा अर्ज राज्याने फेटाळलेला होता. औषध लिहून देणारी मानसोपचारतज्ज्ञ म्हणून पुढे केली होती. प्रत्यक्षात ती परिचारिका होती आणि देखरेखीशिवाय औषध लिहिण्याचा तिला अधिकार नव्हता. उपचार करणाऱ्या पाच जणांपैकी योग्य परवाना एकाकडेच होता. औषधाने मुलीला त्रास होऊ लागला. आईवडिलांनी केंद्राकडे पुन्हा पुन्हा तक्रार केली. ऑक्टोबर २००९ मध्ये फिट येऊन ती मुलगी गेली. सतरा वर्षांची होती. आणि या सर्व उपचारांची बिले, योग्य त्या सांकेतिक अंकांसह, राज्याच्या मेडिकेडने चुकती केली होती.

आईवडिलांनी केंद्राच्या व मॅसॅच्युसेट्सच्या खोट्या मागण्यांच्या कायद्याखाली दावा लावला. कंपनीचे म्हणणे असे की, बिलावर आम्ही कोठेही 'आमचे लोक परवानाधारक आहेत' असे लिहिलेले नाही. मग खोटे काय बोललो? प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १६ जून २०१६ रोजी न्यायमूर्ती थॉमस यांनी एकमताचा निकाल दिला. विशिष्ट उपचारांचे बिल देताना अत्यावश्यक अट मोडल्याचे लपवले, तर अर्धे सत्य हेही खोटे ठरू शकते, असे न्यायालयाने म्हटले. परंतु त्याबरोबर एक कडक कसोटीही घालून दिली. मोडलेली अट पैसे देण्याच्या निर्णयाच्या दृष्टीने खरोखरच महत्त्वाची असली पाहिजे. आणि अट मोडल्याचे ठाऊक असूनही सरकार पैसे देत राहिले असेल तर ती महत्त्वाची नव्हती असे मानण्यास तो भक्कम पुरावा होईल. बारकाईने पाहिले तर हा निकाल सरकारांनाच इशारा आहे. डोळे झाकून बिले चुकती करणारे खाते उद्या न्यायालयात 'आम्ही फसलो' असे सहज म्हणू शकणार नाही.

टीकाकारांचे म्हणणेही टाळता येत नाही. मोठ्या वाट्याच्या आशेने नोकर आधी वरिष्ठांना सांगण्याऐवजी प्रकरण पिकू देतो. प्रामाणिक चूक आणि लबाडी यांतली रेषा वकिलांच्या हाती जाते. दर मागणीमागे दंड असल्याने लहान दवाखान्याच्या शे-दोनशे चुकीच्या बिलांवर दंडाची रक्कम डोंगराएवढी होते व तो लढण्याऐवजी तडजोड करतो. शेवटचा आक्षेप प्रस्तुत लेखकाला सर्वांत वजनदार वाटतो. शिवाय या पद्धतीच्या मुळावरच आता घाव पडू पाहत आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये फ्लॉरिडातील एका केंद्रीय न्यायाधीशांनी, सरकारी अधिकारी म्हणून न नेमलेल्या व्यक्तीने सरकारचा दावा चालवणे राज्यघटनेविरुद्ध आहे, असा निर्णय दिला. त्यावर अपील झाले. तो आक्षेप केंद्राच्या घटनेतील नेमणुकीच्या कलमावर आधारलेला असल्याने राज्यांच्या कायद्यांना तो तसाच्या तसा लागू पडत नाही. म्हणजे केंद्राचा कायदा उद्या लंगडा पडलाच, तर ज्या राज्यांनी दहा टक्क्यांसाठी नाखुशीने कायदे केले त्यांचेच कायदे उपयोगी पडतील. जुन्या घराची पडवी मूळ घरापेक्षा टिकावी तसे हे होईल.

आपल्याकडे काय? २३ सप्टेंबर २०१८ रोजी रांची येथे सुरू झालेली आयुष्मान भारत योजना दर कुटुंबास वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयीन उपचार देते. बहुतेक राज्यांत खर्चाची वाटणी केंद्र ६० व राज्य ४० अशी आहे. मेडिकेडशी साम्य उघड आहे. महालेखापरीक्षकांच्या २०२३ सालच्या अहवालात ७ लाख ४९ हजारांवर लाभार्थी एकाच मोबाईल क्रमांकावर, म्हणजे दहा वेळा नऊ या अंकावर, नोंदलेले आढळले. मोबाईल क्रमांकावरून लाभार्थी ठरत नाही, असा खुलासा सरकारने केला व तो तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. पण पूर्वीच मृत म्हणून नोंद झालेल्या ३,४४६ रोग्यांच्या उपचारांपोटी ६ कोटी ९७ लाख रुपये दिले गेले, हेही त्याच अहवालात आहे. लबाडी शोधण्यासाठी राष्ट्रीय पातळीवर पथक आहे, संगणकाची चाळणी आहे, रुग्णालयाचे नाव यादीतून काढण्याची तरतूद आहे. वसुलीत वाटा देऊन माहीतगाराला वादी करणारा कायदा मात्र ना केंद्राचा आहे, ना कर्नाटकाचा, ना महाराष्ट्राचा. बक्षिसाची कल्पना आपल्याला परकी आहे असे म्हणावे तर आयकर आणि सीमाशुल्क या खात्यांत खबर देणाऱ्यास बक्षीस देण्याची पद्धत आहेच. जागल्यांच्या संरक्षणाच्या कायद्याला मे २०१४ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली, परंतु तो अमलात आणण्याची अधिसूचना वर्षानुवर्षे निघालेली नाही. ती निघाली तरी तो कायदा सरकारी नोकरांच्या भ्रष्टाचारापुरता आहे. खाजगी रुग्णालयाच्या बिलाच्या टेबलापर्यंत त्याचा हात पोहोचत नाही.